एक टेलिफोन, पाळीपाळीने

(रौप्यमहोत्सवी वर्षात गच्चीवर झालेल्या सभासदांच्या भाषणांपैकी एक. स्मरणिकेसाठी लिहून काढताना बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



समितीची मुलं माझ्याकडे आली आणि म्हणाली, "काका, तुम्ही पूर्वी घरी काहीतरी कॉम्प्युटर चालवायचात म्हणे, लोक त्याला फोन करायचे. त्यावर बोला, वीस मिनिटं." 'काहीतरी कॉम्प्युटर' हे वर्णन तसं बरोबर आहे. आमच्या घरचेही तेच म्हणायचे. त्या प्रकाराचं खरं नाव बुलेटिन बोर्ड सिस्टिम, थोडक्यात बीबीएस. १९९२ ते १९९७ अशी पाच वर्षं मी एक बोर्ड चालवला. ही आपली इमारत तेव्हा नव्हती. आम्ही अंधेरीला दोन खोल्यांत राहत होतो. इंटरनेट सर्वसामान्यांच्या घरात आलेलं नव्हतं. मोबाइल नव्हता. घरात साधा टेलिफोन असणं हीच मोठी गोष्ट होती.

आधी वस्तू समजावून सांगतो, म्हणजे मुलांना अडचण नको. बुलेटिन बोर्ड म्हणजे सूचना फलक. आपल्या ए विंगच्या जिन्याखाली काचेच्या दाराचा फलक आहे ना, तसाच. फरक एवढाच की तो लाकडाचा नव्हता, कॉम्प्युटरच्या आत होता, आणि वाचायला जिना उतरून यायचं नाही, फोन करायचा. तुमच्या घरी कॉम्प्युटर, त्याला मोडेम नावाची डबी, डबीला टेलिफोनची वायर. माझ्याकडेही तेच. तुमच्या मोडेमने माझा नंबर फिरवायचा, माझ्या मोडेमने उचलायचा. दोघं काही सेकंद एकमेकांशी किंचाळत बोलणी करणार, कुठल्या वेगाने बोलायचं ते ठरवणार, आणि मग आवाज बंद होऊन तुमच्या स्क्रीनवर माझ्या बोर्डाचं पहिलं पान उमटणार. नाव आणि पासवर्ड टाकायचा. आत गेलं की लोकांनी लिहिलेले निरोप वाचायचे, आपला एखादा लिहायचा, हवा असेल तो प्रोग्रॅम उतरवून घ्यायचा आणि फोन ठेवायचा. ठेवायलाच हवा, कारण पुढचा माणूस एंगेज टोन ऐकत बसलेला असायचा.

हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा. एक टेलिफोन, म्हणून एका वेळी एकच माणूस. बाकी सगळं त्यातून आलं.

ही कल्पना माझी नाही, हे सांगायला नकोच. जगातला पहिला असा बोर्ड अमेरिकेत शिकागोला सुरू झाला. १९७८ च्या जानेवारीत तिथे प्रचंड बर्फ पडला. वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस हे दोघे तिथल्या कॉम्प्युटर क्लबचे सभासद. घरात अडकून पडले होते. क्लबच्या भिंतीवर एक बुचाचा फलक होता, त्यावर लोक टाचण्यांनी चिठ्ठ्या लावायचे: अमुक भाग विकणे आहे, तमुक हवा आहे. तो फलक टेलिफोनवर आणावा, असं त्यांना वाटलं. क्रिस्टेन्सन यांनी प्रोग्रॅम लिहिला, स्यूस यांनी यंत्र जोडलं. १६ फेब्रुवारी १९७८ रोजी बोर्ड सुरू झाला. यंत्र स्यूस यांच्या घरी ठेवलं. कारण त्यांचं घर शहरात होतं, आणि शहरातल्या सगळ्यांना तिथे लोकल कॉल लागत होता. लांबच्या फोनचे पैसे कोण भरणार?

मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. जिथून स्वस्तात फोन लागतो तिथलीच माणसं बोर्डावर येणार. म्हणजे बोर्ड हा आपोआप आसपासच्या माणसांचा झाला. मुंबईतही तसंच. माझ्याकडे येणारे बहुतेक सगळे मुंबईचेच. पुण्या-नाशिकचे दोन-चार होते, ते रात्री अकरानंतर यायचे. तेव्हा अकरानंतर एसटीडीला पाव दर लागायचा, त्यासाठी बूथवर रांगा लागायच्या, हे इथल्या ज्येष्ठांना आठवत असेल.

आपल्या देशातही मी काही पहिला नव्हे. बंगळूरला अतुल चिटणीस 'सिक्स' नावाचा बोर्ड चालवत होते. पुढे 'पीसी क्वेस्ट' मासिकातून लिनक्सचा प्रसार करणारे ते हेच. मुंबईत 'लाइव्ह वायर' होता. त्यांच्यापुढे माझा बोर्ड म्हणजे कोपऱ्यावरची टपरी.

आता टपरी कशी होती ते ऐका. आमच्या टेलिफोनसाठी वडिलांनी नाव नोंदवलं होतं, नंबर लागायला काही वर्षं गेली. त्यामुळे तो फोन म्हणजे घरातली मानाची वस्तू. आईने त्यावर विणलेला रुमाल घातलेला. त्या फोनला मी मोडेम जोडणार म्हटल्यावर घरात काय झालं असेल याची कल्पना करा! वाटाघाटी झाल्या. दिवसा फोन घरचा. रात्री ११ ते सकाळी ६ बोर्डाचा. कुणी आजारी असेल, गावाहून फोन यायचा असेल, त्या रात्री बोर्ड बंद. हा करार पाच वर्षं पाळला गेला.

हिशेब करून बघा. रात्री ११ ते ६ म्हणजे सात तास. त्यातला एक तास बोर्डा-बोर्डांमधल्या डाकेसाठी राखीव, त्याबद्दल पुढे सांगतो. राहिले सहा. एका माणसाला अर्धा तास. म्हणजे रात्रीत बारा पाळ्या. आपल्याकडे उन्हाळ्यात पाणी सोडण्याची वेळ ठरलेली असते तसंच हे. अर्धा तास झाला की प्रोग्रॅम आपणहून फोन तोडायचा, मग तो माणूस कितीही मोठा असो.

आणि वेग काय होता? माझा पहिला मोडेम २४०० चा. म्हणजे सेकंदाला साधारण २४० अक्षरं. स्क्रीन पूर्ण भरायला आठ सेकंद लागायचे. ओळ डावीकडून उजवीकडे सरकताना दिसायची. एक एमबीची फाइल आणायला एक तास तेरा मिनिटं. आज सकाळी तुम्ही ग्रुपवर जे सूर्योदयाचे फोटो पाठवता, त्यातला एकेक तीन एमबीचा असतो. तो मला माझ्या बोर्डावर टाकायचा तर साडेतीन तासांहून जास्त लागले असते. सात पाळ्या गेल्या असत्या एका सुप्रभातात!

म्हणून लोक युक्त्या करायचे. फाइल आधी झिप करून आवळायची. निरोपांसाठी 'ब्लू वेव्ह'सारखे प्रोग्रॅम होते. फोन लावायचा, नवे निरोप गठ्ठ्याने उतरवून घ्यायचे, चार-पाच मिनिटांत फोन ठेवायचा. मग चहा पीत सावकाश वाचायचं, उत्तरं लिहायची आणि दुसऱ्या रात्री ती गठ्ठ्यानेच परत पाठवायची. त्यामुळे माणूस लिहिण्यापूर्वी विचार करायचा. राग आला तरी उत्तर जायला दुसरी रात्र उजाडायची, आणि तोपर्यंत राग बराचसा उतरलेला असायचा. आम्ही सगळे शहाणे होतो असं नाही. फोन एकच होता.

पावसाळ्यात मात्र हाल. जून उजाडला की टेलिफोनच्या केबलमध्ये पाणी जायचं आणि लाइनवर खरखर सुरू व्हायची. माणसाला खरखरीतूनही बोलणं कळतं. मोडेमला प्रत्येक खरखर हे अक्षरच वाटतं. स्क्रीनवर मधूनच कंस, टिंबं, स्वल्पविराम, नाना चिन्हांचा सडा पडायचा. शिकागोच्या क्रिस्टेन्सननीच १९७७ मध्ये यावर उपाय काढून ठेवला होता, त्याचं नाव एक्समोडेम. फाइलचे १२८ अक्षरांचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याबरोबर त्याची बेरीज पाठवायची. पलीकडे बेरीज जुळली नाही तर तोच तुकडा पुन्हा मागवायचा. आपला हिशेबनीस व्हाउचर परत पाठवतो तसं. पुढे झेडमोडेम आला. त्यात फोन मध्येच तुटला तरी दुसऱ्या रात्री तिथूनच पुढे चालू करता यायचं. मुंबईच्या पावसात ही फार मोठी सोय होती.

मराठीतून लिहायची सोय नव्हती. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड होतं, त्यावर देवनागरी उमटायची, पण ते प्रत्येकाकडे कुठून असणार? मग मराठी रोमन लिपीत. तिथे 'त' आणि 'ट' एकच. एकाने लिहिलं, "उद्या भेटू, माझी वाट बघ." दुसऱ्याने वाचलं, "माझी वात बघ." त्याने उलट विचारलं, समई कुठे ठेवलीस? ही थट्टा महिनाभर चालली. पण लोक मराठीत लिहायचे. स्पेलिंगचे नियम ज्याने त्याने आपापले केले होते.

आता बोर्ड चालवणाऱ्याचं काम. त्याला सिसॉप म्हणायचे, सिस्टिम ऑपरेटर. नाव रुबाबदार, काम आपल्या सेक्रेटरींसारखं. पैसा नाही, श्रेय नाही, आणि काही बंद पडलं तर सगळे तुमच्याकडे बघणार. सकाळी उठून रात्रीचे निरोप वाचायचे. भांडण लागलं असेल तर दोघांना वेगवेगळं लिहायचं. कुणी फाइल टाकली असेल तर ती व्हायरससाठी तपासल्याशिवाय खुली करायची नाही. मी सुरुवात केली त्याच वर्षी 'मायकेलअँजेलो' नावाच्या व्हायरसची धास्ती होती. तो ६ मार्चला जागा होऊन डिस्कवरची माहिती पुसायचा. माझ्या बोर्डावरून कुणाच्या ऑफिसची डिस्क गेली असती तर मी काय तोंड दाखवलं असतं? माझ्याकडे ४० एमबीची हार्ड डिस्क होती, म्हणून जुन्या फाइली फ्लॉपीवर काढून नव्यांना जागा करायची. कुठली ठेवायची, कुठली काढायची, यावरूनही वाद व्हायचे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे नव्या सभासदाची खात्री. बहुतेक सिसॉप ती करायचे. नवीन माणसाने नाव, पत्ता, फोन नंबर भरायचा. मी संध्याकाळी त्याला स्वतः फोन करायचो. "नमस्कार, तुम्ही काल रात्री आमच्या बोर्डावर आला होतात ना?" दोन मिनिटं बोलायचं, नियम सांगायचे, मग त्याला पूर्ण प्रवेश. खोट्या नावाने कुणी नको, एवढाच हेतू. शिवाय ज्याच्याशी आवाजाने बोललोय त्याच्याशी लिहिताना माणूस जरा जपून लिहितो.

या नियमात एकदा पेच आला, त्याची हकिगत मी मुद्दाम सांगणार आहे.

१९९३ ची गोष्ट. कुर्ल्याच्या एका मुलाने फॉर्म भरला. वय १९. मी संध्याकाळी फोन केला. त्याच्या ताईने उचलला. म्हणाली, तो बाहेर गेलाय. दुसऱ्या दिवशी केला, तर झोपलाय. तिसऱ्या दिवशी, क्लासला गेलाय. पण तो तर रोज रात्री साडेबाराला बोर्डावर यायचा, आणि नव्या माणसासाठी खुलं असलेलं एकच पान वाचून जायचा. मी ताईंना म्हटलं, "अहो, दोन मिनिटांचं काम आहे. त्याने स्वतः बोलल्याशिवाय मला पुढची दारं उघडता येत नाहीत." त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "दादा, त्याला ऐकू येत नाही. बोलताही येत नाही. तुम्ही नाही म्हणाल म्हणून सांगितलं नव्हतं."

त्या रविवारी मी कुर्ल्याला गेलो. मेव्हण्याच्या ऑफिसने काढून टाकलेला जुना कॉम्प्युटर त्याने दुरुस्त करून घेतला होता. आम्ही त्याच्या कीबोर्डवरच बोललो, आळीपाळीने एकेक ओळ. त्याने मला एक गोष्ट दाखवली. बाकीचे सगळे मोडेमचा आवाज ऐकून लाइन लागली की नाही ओळखायचे. मोडेम तेच स्क्रीनवरही लिहितो: 'बिझी', नाहीतर 'कनेक्ट २४००'. आम्ही ते वाचायचोच नाही. तो तेवढंच वाचायचा. घरात फोन आल्यापासून तो फोन वाजला की सगळे धावायचे आणि हा बघत राहायचा. आता रात्री साडेबाराला तो फोन त्याचा होता.

मी घरी येऊन नियम बदलला. फोनवर बोलणं किंवा प्रत्यक्ष भेट, दोन्हीपैकी एक. त्याचं कारण बोर्डावर लिहिलं नाही. तो त्याचा प्रश्न होता. सहा-सात महिन्यांत प्रिंटरच्या भानगडींवर सगळे त्यालाच विचारू लागले. मग आम्ही बोर्डावरच्या लोकांनी एका इराण्याच्या हॉटेलात भेटायचं ठरवलं. तो येईल की नाही, मला खात्री नव्हती. तो आला, ताईंबरोबर. पहिली पाच मिनिटं सगळे गोंधळले. मग एकाने पिशवीतून प्रिंटरचा लांबलचक घडीचा कागद काढून टेबलावर पसरला आणि सगळे लिहायला लागले. मालकाला वाटलं आम्ही परीक्षेला बसलोय.

मला नंतर वाचनात आलं, आणि ते वाचून मी थक्क झालो. साध्या टेलिफोनवरून अक्षरं पाठवायची खटपट ज्यांनी सुरुवातीला केली त्यांच्यात अमेरिकेतले रॉबर्ट वाइटब्रेख्त नावाचे एक भौतिकशास्त्रज्ञ होते, आणि त्यांना ऐकू येत नव्हतं. १९६४ मध्ये त्यांनी असं यंत्र तयार केलं की टेलिफोनचा रिसीव्हर त्याच्या दोन वाट्यांत ठेवायचा आणि टेलिप्रिंटरवर टाइप करायचं. पलीकडच्या कर्णबधिर माणसाच्या टेलिप्रिंटरवर तीच अक्षरं उमटायची. म्हणजे कुर्ल्याचा तो मुलगा काही आमच्या दारात चुकून आलेला पाहुणा नव्हता. त्याच्यासारख्यांनी हा रस्ता आमच्या आधी बांधायला घेतला होता.

आता डाकेचा तो राखीव तास. सॅन फ्रान्सिस्कोच्या टॉम जेनिंग्ज यांनी १९८४ मध्ये फिडोनेट नावाची व्यवस्था सुरू केली. कल्पना अशी: रात्री लोक झोपलेले असताना एका बोर्डाने दुसऱ्याला फोन करायचा, आपले निरोप द्यायचे, त्याचे घ्यायचे. त्याने पुढच्याला. टपालाच्या थैल्या गाडीगाडीने पुढे जातात तसं. जगाचे सहा विभाग केले होते, आशियाचा सहावा. त्या तासात माणसांना फोन लावायला मनाई, लाइन फक्त डाकेला. ऐन भरात, १९९५-९६ च्या सुमारास, या जाळ्यात जगभर ३० हजारांहून जास्त बोर्ड होते. तरी त्याला कुणी मालक नव्हता. जो तो आपल्या फोनचं बिल भरायचा. माझा बोर्ड फक्त मुंबईतल्या मोठ्या बोर्डाला लोकल कॉल करायचा, पुढचा खर्च दुसरे कुणीतरी सोसायचे. अंधेरीतून लिहिलेला निरोप काही दिवसांत ऑस्ट्रेलियात वाचला जायचा आणि उत्तर यायचं. आईला मी ते दाखवलं. ती म्हणाली, "बिल कुणाला येतं?" प्रश्न अगदी बरोबर होता.

आणि मग १९९४ साल आलं. सरकारी धोरणात अशी गोष्ट पुढे आली की बुलेटिन बोर्ड चालवायचा तर परवाना लागेल, आणि त्याची फी वर्षाला १५ लाख रुपये. मी परत सांगतो, पंधरा लाख. तेव्हा अंधेरीतले आमचे दोन खोल्यांचे शेजारी घर विकायच्या गोष्टी करायचे तेसुद्धा एवढा आकडा जपून उच्चारायचे. कायद्याचा आधार होता १८८५ चा, तारेच्या काळातला. व्यापार करणाऱ्या कंपन्यांचा विचार करून आकडा काढला असेल. पण घरी फुकट बोर्ड चालवणारा आणि कंपनी यांत फरकच नव्हता. दिल्ली, मुंबई, बंगळूरच्या लोकांनी विरोध केला, पत्रं लिहिली, वर्तमानपत्रांत आवाज उठवला.

माझी नोकरी सरकारी उपक्रमातली. घरी नोटीस आली, फोन तोडला, तर? साहेबांपर्यंत गेलं तर? सौ. आणि मी दोन रात्री यावर बोललो. बोर्ड बंद करणं सगळ्यात सोपं होतं. एक बटण दाबायचं, आईचा फोन परत चोवीस तास आईचा.

मी बोर्डावर लिहिलं की असं असं आहे, बंद करायचा विचार आहे, तुमचं मत सांगा. बरीच उत्तरं आली. काहींनी वर्गणी काढू म्हटलं. काहींनी गुपचूप चालवा, नंबर कुणाला सांगू नका, असंही सुचवलं. कुर्ल्याच्या मुलाने दोनच ओळी लिहिल्या. त्याचा अर्थ असा: तुम्ही बंद केलंत तर मी समजू शकतो. फक्त आधी सांगा, म्हणजे मी सगळ्यांचे पत्ते उतरवून घेईन, कारण मला तुम्हा कुणाला फोन करता येणार नाही.

सौ.ने ते वाचलं आणि विचारलं, "वर्गणी घेतलीस तर तो धंदा होतो ना?" मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "मग एक पैसा घेऊ नकोस. लपवूही नकोस. प्रत्येकाचं नाव-पत्ता वहीत लिहून ठेव. कुणी विचारायला आलं तर मी वही दाखवेन आणि चहा देईन." तसंच केलं. ती वही दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची, अजून आमच्या कपाटात आहे. आमच्या दारात विचारायला कुणी कधी आलं नाही. वाट मात्र आम्ही वर्षभर बघत होतो. 'ट' वाली वाट.

बोर्ड बंद पडला तो परवान्यामुळे नाही. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. सुरुवातीला ते महाग होतं. साध्या अक्षरांच्या खात्याला वर्षाला ५,००० रुपये, चित्रं दिसणाऱ्याला १५,०००. म्हणून वर्ष-दीड वर्ष आमच्याकडे फारसा फरक पडला नाही. मग हळूहळू पडला. रात्री बारा पाळ्यांपैकी आठ भरायच्या, मग पाच, मग दोन. यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं. तिकडे सगळं जग होतं, आणि एंगेज टोन असला तरी आत गेल्यावर पाळी लावावी लागत नव्हती. मीसुद्धा गेलो. १९९७ च्या दिवाळीनंतर मी महिनाभर आधी सूचना लावली, सगळ्यांचे निरोप फ्लॉपीवर काढून ज्याला हवे त्याला दिले आणि बोर्ड बंद केला. आईने रुमाल धुऊन परत फोनवर घातला.

तो मुलगा आता पन्नाशीचा आहे. मधल्या काळात एसएमएस आला तेव्हा त्याने मला पहिला निरोप पाठवला, त्यात फक्त 'कनेक्ट' असं लिहिलं होतं. आता तो व्हिडिओ कॉलवर त्याच्या मित्रांशी खुणांच्या भाषेत तासन्‌तास बोलतो. आमच्या बोर्डाने त्याला जे दिलं त्याच्या शंभरपट आजचा फोन देतो, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. 'आमच्या वेळी' म्हणून गळा काढायला मी इथे उभा नाही.

पण एक गोष्ट मला त्या पाच वर्षांत कळली, ती सोसायटीच्या कामाची आहे म्हणून सांगतो. सामायिक जागा, मग ती गच्ची असो, जिना असो की फोनची लाइन, आपोआप चालत नाही. कुणीतरी दाराशी बसावं लागतं. तो आत येणाऱ्याला नाव विचारतो, जास्त वेळ बसणाऱ्याला उठवतो आणि नियमात न बसणारा माणूस आला तर नियम परत वाचून बघतो. हे तिसरं काम सगळ्यात अवघड. पहिली दोन कामं आता यंत्रं करतात. तिसरं अजून माणसालाच करावं लागतं.

आपल्या ग्रुपवर १४० माणसं आहेत. पाणी येणार नाही, लिफ्ट बंद आहे, सभा अमुक वाजता, सगळं तिथे येतं आणि दहा मिनिटांत सुप्रभाताखाली गाडलं जातं. पण सी विंगच्या तळमजल्यावरच्या आजींकडे तसला फोन नाही. बी विंगच्या आजोबांना अक्षरं दिसत नाहीत. गेल्या महिन्यात टाकी धुण्याच्या दिवशी दोघांच्याही घरी पाणी भरलेलं नव्हतं. म्हणून माझी कमिटीला विनंती आहे. प्रत्येक सूचना जिन्याखालच्या फलकावरही लागावी, मोठ्या अक्षरात, तारीख आणि लिहिणाऱ्याचं नाव घालून. जुनी झाली की काढावी. आणि या दोन-तीन घरांत कुणीतरी जाऊन तोंडी सांगावं. फलक लिहायचं आणि या घरांत जायचं काम मी घेतो. मला अनुभव आहे.

मुलांनो, तो २४०० चा मोडेम मी पिशवीतून आणलाय. हातात घेऊन बघा, पडला तरी काही होत नाही. त्याचे दिवे आता लागत नाहीत. पण आत कॉइल आहे, ट्रान्सफॉर्मर आहे, उघडून बघायला हरकत नाही. स्क्रू ड्रायव्हर माझ्याकडून घ्या, आणि स्क्रू मात्र वाटीत ठेवा.

सोसायटीला पंचवीस वर्षं पूर्ण झाल्याबद्दल सगळ्यांचं अभिनंदन. ज्यांनी सुरुवातीची वर्षं स्वतःच्या खिशातून पंप दुरुस्त केले, त्यांना माझा खास नमस्कार.  माझी अर्ध्या तासाची पाळी संपत आली, आता पुढच्या वक्त्यांना बोलू द्या.